ॲम्पिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन: फरक काय, कुठली कशी घ्यायची, शरीरात करतात काय

सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. हातात घरातली उरलेली ॲम्पिसिलिनची पट्टी, चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन, आणि "दोन्ही एकच की हो, मग नवीन कशाला घेऊ?" किंवा उलटं, "मागच्या वेळी मॉक्सनं (म्हणजे अमॉक्सिसिलिननं) बरं वाटलं होतं, आता हे ॲम्पिसिलिन कशाला लिहिलंय?"

थोडक्यात सांगायचं तर दोघी पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या, बॅक्टेरिया मारायचं काम दोघी जवळपास सारखंच करतात, म्हणजे एकीनं मरणारा जंतू बहुतेक वेळा दुसरीनंही मरतो. खरा फरक आहे तो पोटातून रक्तात जायच्या वाटेवर. गिळलेल्या कॅप्सूलमधलं किती औषध रक्तात पोचतं, जेवणानं ते अडतं का, दिवसातून तीनदा घ्यायचं की चारदा, जुलाब कुणामुळं जास्त लागतात, हे सगळं तिथूनच ठरतं. खाली जे लिहिलंय ते डॉक्टरनी लिहून दिलेलं औषध नीट घेता यावं म्हणून आहे, स्वतःच ठरवून विकत घ्यायला नाही हे आधीच सांगून ठेवतो. ही दोन्ही शेड्यूल एच मधली औषधं आहेत, स्ट्रिपच्या मागं जी लाल उभी रेघ असते ना ती त्याचीच खूण, चिठ्ठीशिवाय मागू नका आणि कुणी दिली तरी घेऊ नका.

आधी स्ट्रिप नीट वाचा

कंपनीनं ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि खरं औषध खाली बारीक अक्षरात, वाचायचं ते बारीक. मॉक्स, नोव्हामॉक्स ही अमॉक्सिसिलिनची नावं. ऑगमेंटिन म्हणजे अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव्ह्युलनिक ॲसिड (ते कशाला घालतात हे पुढं सांगतो), याच जोडीला लोक काउंटरवर नुसतं "सहाशे पंचवीस द्या" म्हणून मागतात, ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलनिक मिळून ६२५. ॲम्पिसिलिनच्या कॅप्सूल आता तशा कमी खपतात आणि असल्या तरी बऱ्याचदा क्लॉक्सासिलिनबरोबर जोडीनं येतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, ३७५ च्या दोन गोळ्या म्हणजे ६२५ ची एक गोळी असं होत नाही. ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० आणि क्लॅव्ह्युलनिक १२५ असतं, दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन ५०० होतं ते ठीक पण क्लॅव्ह्युलनिक २५० होतं, म्हणजे डबल, आणि पोट बिघडवायला तेच जास्त जबाबदार. "६२५ संपलीय, ३७५ च्या दोन घ्या" असं कुणी सांगितलं तर सरळ नको म्हणा.

जंतू मरतो कसा

तासगावकडचा द्राक्षाचा मांडव बघितला असेल. लांबच्या लांब तारा ओढलेल्या असतात आणि त्यांना आडव्या तारांनी जागोजागी बांधलेलं असतं, घडांचं वजन पेलतं ते या आडव्या बांधणीमुळं. बॅक्टेरियाच्या भोवतीची भिंत जवळपास अशीच विणलेली असते. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे छोटे प्रोटीनचे आडवे दुवे, या सगळ्या जाळ्याला पेप्टिडोग्लायकन म्हणतात. बॅक्टेरियाच्या आत पाण्याचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप जास्त असतो आणि तो दाब हे जाळं धरून ठेवतं.

आडवे दुवे बांधायचं काम करणारी एन्झाइम असतात, त्यांना पेनिसिलिन बाइंडिंग प्रोटीन म्हणतात. साखळीच्या टोकाला डी-अलॅनिन नावाची दोन अमिनो आम्लं शेजारी शेजारी लागलेली असतात, एन्झाइम ते टोक ओळखतं, धरतं, शेवटचं अलॅनिन काढून टाकतं आणि शेजारच्या साखळीला गाठ मारतं. पेनिसिलिनच्या रेणूत चार कोनांची एक ताणलेली रिंग असते, बीटा-लॅक्टम रिंग, आणि तिची ठेवण या दोन अलॅनिनच्या टोकासारखी दिसते. एन्झाइम फसतं, तिला धरतं, रिंग उघडते आणि एन्झाइमला कायमची चिकटून बसते, म्हणजे बांधणारा गडी गेलाच कामातनं. इकडं बॅक्टेरियाला वाढायचं असतं म्हणून जुने दुवे कापायचं काम दुसरी एन्झाइम करतच असतात, ती काय थांबत नाहीत. कापणं चालू, बांधणं बंद. भिंत कमकुवत होत जाते, पाणी आत शिरतं आणि जंतू फुटतो. ॲम्पिसिलिन असो की अमॉक्सिसिलिन, इथपर्यंत दोघींची गोष्ट एकच आहे.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. एक, आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हे औषध जंतूला मारतं आणि आपल्याला तुलनेनं फार कमी त्रास देतं. दोन, व्हायरसलाही भिंत नाही, तेव्हा सर्दी, साधा व्हायरल ताप, डेंग्यू, यात या कॅप्सूलचा शून्य उपयोग, तीनचार दिवसांत बरं वाटलं तर ते आपलं आपणच बरं झालेलं असतं. मायकोप्लाझ्मा नावाचा एक बॅक्टेरियासुद्धा भिंतीशिवायच जगतो, त्याच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही आणि डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनसारखं दुसरं काहीतरी देतात ते त्यासाठीच. तीन, जंतू वाढत असला तरच ही औषधं त्याला जोरात मारतात, त्यामुळं वाढ नुसती थांबवून ठेवणारं डॉक्सिसायक्लिनसारखं औषध आपल्या मनानं बरोबर घेतलं तर दोघांचं जमत नाही.

एका ऑक्सिजननं काय केलं

फ्लेमिंगना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून पेनिसिलिनचा सुगावा लागला, ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी त्याचं औषध केलं आणि १९४५ चं नोबेल तिघांना मिळालं हे शाळेत वाचलेलं असतं. आपल्याकडं पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ ला उभा राहिला तो मुळात पेनिसिलिनसाठीच.

पण त्या पहिल्या पेनिसिलिनच्या दोन अडचणी होत्या. पोटातल्या ॲसिडमध्ये ते बरंचसं मोडून जायचं म्हणून इंजेक्शनच घ्यायला लागायचं, आणि ग्रॅम निगेटिव्ह म्हणतात त्या गटातल्या बऱ्याच जंतूंच्या बाहेरच्या पडद्यातून ते आतच जात नव्हतं. इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या लॅबनं पेनिसिलिनचा मधला गाभा वेगळा काढला आणि त्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडून बघितल्या. त्यातल्या एका शेपटीवर अमिनो ग्रुप होता, ती १९६१ ला बाजारात आलेली ॲम्पिसिलिन. ॲसिडमध्ये टिकली आणि इ. कोलायसारख्या जंतूंच्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून आतही शिरायला लागली, त्या काळी मोठीच गोष्ट. मग १९७२ ला तिथंच अमॉक्सिसिलिन आली. दोघींच्या रेणूत फरक किती, तर शेपटीवर एक ऑक्सिजन जास्त, बास. जंतू मारायच्या ताकदीत त्यानं फार काही बदललं नाही, बदललं ते आतड्यातून शोषलं जाणं.

गिळल्यापासून लघवीपर्यंत

समजा अनशापोटी ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतली. ॲम्पिसिलिन असेल तर साधारण ३० ते ५५ टक्के औषध रक्तात जातं, आणि पोटात जेवण असेल तर त्याहून कमी. अमॉक्सिसिलिन असेल तर ७० ते ९० टक्क्यांच्या घरात, आणि जेवणानं विशेष फरक पडत नाही. रक्तात सगळ्यात जास्त पातळी एकदोन तासांत येते आणि त्याच डोसला अमॉक्सिसिलिनची ती पातळी ॲम्पिसिलिनच्या साधारण दुप्पट भरते.

आता जे शोषलं गेलं नाही ते जातं कुठं? ते आतड्यातच राहतं आणि तिथल्या आपल्या चांगल्या जंतूंना मारत पुढं जातं. ॲम्पिसिलिननं जुलाब जास्त लागतात ते यामुळंच. गंमत म्हणजे हाच अवगुण एका ठिकाणी कामी यायचा, शिगेला नावाच्या जंतूनं रक्ताची आव पडते त्यात पूर्वी अमॉक्सिसिलिनपेक्षा ॲम्पिसिलिन जास्त चालायची. पूर्वी म्हणतोय कारण आता शिगेला या दोघींनाही बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही.

रक्तात पोचल्यावर परत दोघी सारख्या. रक्तातलं अर्धं औषध साधारण तासाभरात किंवा त्याच्या थोडं पुढं निघून जातं, किडनी त्याला वेगानं बाहेर काढते. अमॉक्सिसिलिनचा साधारण ६० टक्के डोस सहा ते आठ तासांत जसाच्या तसा लघवीत उतरतो. म्हणूनच ज्यांची किडनी कमजोर आहे, डायलिसिस चालू आहे, त्यांनी डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला दोघांना सांगायचं, त्यांचा डोस किंवा दोन डोसमधलं अंतर बदलावं लागतं.

घड्याळ कसं लावायचं

पेनिसिलिनच्या बाबतीत एकदम भरपूर औषध घेतलं म्हणून जंतू जास्त मरतात असं नसतं, औषधाची पातळी ठरावीक रेषेच्या वर किती वेळ टिकली यावर सगळं अवलंबून आहे. औषध तासातासाला निम्मं होत जाणार असेल तर "सकाळी विसरलो म्हणून रात्री दोन एकदम घेतल्या" याला अर्थ उरत नाही, रात्री थोडा वेळ पातळी वर गेली आणि दिवसभर जंतू निवांत.

अमॉक्सिसिलिन चिठ्ठीवर दिवसातून तीनदा असेल तर आठ आठ तासांनी बसवा. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० हे आपल्याकडं बऱ्याच लोकांना जमतं, गावाकडं पहाटेच उठणं असतं आणि दोनच्या सुमारास भाकरी झालेली असते. उठायला सातच वाजत असतील तर ७, ३, ११ करा. अगदी मिनिटाला चिकटायची गरज नाही, पण नाश्ता, जेवण, जेवण या हिशोबानं ९, १ आणि ८ ला घेऊ नका, रात्रीपासून सकाळपर्यंत १३ तासांचा खड्डा पडतो. जेवणाआधी नंतर कधीही चालतं, पोटात मळमळत असेल तर जेवून घ्या.

क्लॅव्ह्युलनिकवाली ६२५ असेल तर ती जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासाबरोबर. पोटाला त्रास कमी होतो आणि क्लॅव्ह्युलनिक शोषलंही नीट जातं. अनशापोटी चहाबरोबर ६२५ टाकून मग "उलटी झाली, गोळी सोसत नाही" म्हणणारे बरेच येतात, गोळी सोसते, वेळ चुकलेली असते.

ॲम्पिसिलिनचं मात्र घड्याळ जरा त्रासाचं. सहा सहा तासांनी, दिवसातून चारदा, आणि प्रत्येक वेळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, ग्लासभर पाण्याबरोबर. सकाळी ६ ला उठल्या उठल्या, १२ ला (मग जेवण १ ला), संध्याकाळी ६ ला आणि रात्री १२ ला. ऊसतोडीत किंवा शिफ्टवर असलेल्या माणसाला हे कितपत जमणार सांगा, चारपैकी एकदोन डोस जेवणाबरोबरच जातात आणि जे अर्धंमुर्धं शोषलं जाणार होतं तेही जात नाही. माझ्या मते तोंडातून घ्यायच्या ॲम्पिसिलिनची सद्दी संपली ती यामुळंच, औषध वाईट नाही, पण घरच्या रुटीनमध्ये बसत नाही. डॉक्टरनी तीच लिहिली असेल तर "जेवणाचं असं असं आहे, अमॉक्सिसिलिन चालेल का" एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. डबल नको.

मग ॲम्पिसिलिन कुठं वापरतात

इंजेक्शनमध्ये. शिरेतून दिल्यावर आतड्याचा प्रश्नच मिटतो आणि अमॉक्सिसिलिनची आघाडीही संपते. नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका आली तर ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही जुनी जोडी अजून वापरात आहे, लिस्टेरिया नावाच्या जंतूच्या मेंदूज्वरात आणि एन्टेरोकोकसच्या काही गंभीर इन्फेक्शनमध्येही ती लागते. पेशंट मिरजेला ॲडमिट असताना ॲम्पिसिलिनचं इंजेक्शन आणि घरी सोडताना अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळून जाऊ नका, त्यात चूक काही नाही, हिशोबानं केलेलं असतं. इंजेक्शनची पावडर पाण्यात कालवली की तासाभरात वापरायची असते, म्हणून नर्स आधी भरून ठेवत नाहीत, ऐनवेळी करतात.

अमॉक्सिसिलिन तोंडातून घ्यायला सगळीकडं, घशातला स्ट्रेप्टोकोकस, कानाचं इन्फेक्शन, लहान मुलांचा न्यूमोनिया, दाढेचा गळू, शिवाय पोटातल्या अल्सरच्या एच. पायलोरी जंतूवर ॲसिड कमी करायच्या गोळीबरोबर आणि दुसऱ्या अँटिबायोटिकबरोबर.

आणि कल्चरचा रिपोर्ट. हे जरा नीट बघा कारण यावरून लोक डॉक्टरशी उगाच वाद घालतात. लघवी किंवा पू तपासायला दिला, रिपोर्टवर औषधांची यादी येते, पुढं एस किंवा आर, एस म्हणजे जंतू औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. त्या यादीत बऱ्याचदा ॲम्पिसिलिन असतं आणि अमॉक्सिसिलिन नसतंच. "रिपोर्टात ॲम्पिसिलिन एस आलंय आणि डॉक्टरनी अमॉक्सिसिलिन लिहिलंय, चुकलं की काय?" चुकलेलं नाही. जंतूच्या दृष्टीनं दोघी इतक्या सारख्या आहेत की लॅबवाले एकीची टेस्ट करून दुसरीचंही उत्तर त्यावरूनच धरतात. आणि उलटंही तितकंच खरं, ॲम्पिसिलिन आर आलं असेल तर घरातली साधी अमॉक्सिसिलिन खाऊन उपयोग नाही.

जंतू दाद का देत नाही

मुख्य कारण बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम, काही जंतू ते तयार करतात आणि ते रिंगच मोडून टाकतं. रिंग मोडली की ॲम्पिसिलिनही गेली आणि अमॉक्सिसिलिनही, एकीला नाही चाललं म्हणून दुसरी चालेल असा प्रकार इथं नाही. यावर उपाय म्हणून क्लॅव्ह्युलनिक ॲसिड आलं, तेही एका मातीतल्या जंतूपासूनच मिळालेलं, स्वतः फारसं काही मारत नाही पण त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं आणि तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपलं काम करते. ही जोडी १९८१ पासून बाजारात आहे. दुसरं कारण म्हणजे जंतू ते बांधणारं एन्झाइमच बदलून टाकतो, मग औषधाला चिकटायला जागाच राहत नाही, एमआरएसए नावाचा जो चिवट स्टॅफिलोकोकस आहे त्याचं हेच आहे आणि तिथं क्लॅव्ह्युलनिक घालूनही उपयोग होत नाही. टायफॉइडचंच बघा, एकेकाळी ॲम्पिसिलिननं बरा व्हायचा, आपल्या देशात १९९० च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्हींना न जुमानणारा टायफॉइड पसरला आणि तो अध्याय तिथंच संपला.

६२५ म्हणजे "जास्त पॉवरची" असा समज आहे तो काढून टाका. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसकडं ते रिंग मोडणारं एन्झाइम नसतंच, तिथं साधी अमॉक्सिसिलिन तेवढंच काम करते, स्वस्तात आणि पोट न बिघडवता. क्लॅव्ह्युलनिकनं क्वचित लिव्हरला सूज येऊन कावीळही होते, वयस्कर पुरुषांत जास्त, कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा, तेव्हा डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरला ही गोळी घेतली होती हे आवर्जून सांगा.

२०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा पाण्यातून चालून आलेली माणसं लेप्टो (पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून "सहाशे पंचवीस द्या" म्हणत यायची. लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य खातं देतं ते डॉक्सिसायक्लिन, आणि तेही त्यांनी सांगितलेल्या माणसांना सांगितलेल्या डोसमध्ये.

लहान मुलांचं सिरप

बाटलीत कोरडी पावडर असते, ती आधी हलवून मोकळी करा, तळाला चिकटलेली राहिली की सगळं गणित बिघडतं. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. आधी खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा आणि परत हलवा. फेस वर असतानाच खूण बघितली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. हल्ली बऱ्याच बाटल्यांबरोबर पाण्याची छोटी बाटलीही येते, ती असेल तर तीच पूर्ण ओता. मेडिकलमध्येच करून मागितलं तरी चालतं, आम्ही करून देतो, लाजायचं काय त्यात.

पाच मिलीत किती मिलिग्रॅम हे बाटलीवर वाचा, १२५ ची वेगळी आणि २५० ची वेगळी, "मागच्या वेळेसारखं एक चमचा" हा हिशोब इथं चालत नाही. मुलांचा डोस वजनावर असतो आणि तो डॉक्टरच काढतात. घरातला चहाचा चमचा नको, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. प्रत्येक वेळी हलवून द्या. क्लॅव्ह्युलनिकवालं सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं आणि ७ दिवसांनी उरलेलं ओतून टाकायचं, साध्याचे दिवस बाटलीवर दिलेले असतात. कालवलेल्या तारखेचं बॉलपेननं लेबलवर लिहून ठेवा, आठवत नाही नंतर.

मूल सिरप थुंकतच असेल तर पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का विचारा, डीटी लिहिलेली, चमचाभर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची.

पुरळ, ॲलर्जी आणि बाकी त्रास

जुलाब, मळमळ, तोंडात किंवा खालच्या भागात बुरशी, हे नेहमीचे. पातळ संडास दिवसातून दोनतीनदा होत असेल तर कोर्स चालू ठेवून पाणी, ताक, ओआरएस घ्या. पण रक्त पडत असेल, पोटात जोरात कळा आणि ताप असेल तर औषध थांबवून डॉक्टरकडं, कोर्स संपल्यावर महिना दोन महिन्यांनी झालं तरी सांगायचं.

अंगावर काय उठलंय ते नीट बघा. घेतल्यावर थोड्याच वेळात खाजणाऱ्या गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, घशात आवळल्यासारखं झालं, धाप लागली, चक्कर आली तर ही खरी ॲलर्जी आणि वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीनं जवळच्या दवाखान्यात, तिथं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसायला सांगतात ते याच भीतीनं, "गाडी चुकतीय" म्हणून निघू नका. एकीची खरी ॲलर्जी असेल तर दुसरीही घ्यायची नाही आणि क्लॅव्ह्युलनिकवालीही नाही. सेफॅलेक्सिन, सेफाड्रॉक्सिल ही दुसरी अँटिबायोटिक घेतानाही सांगा, पहिलीची शेपटी ॲम्पिसिलिनसारखी आणि दुसरीची अमॉक्सिसिलिनसारखी आहे.

पण पाचसहा दिवसांनी नुसतं सपाट, गोवरासारखं पुरळ आलं आणि बाकी काही नाही, तर ते दरवेळी खरी ॲलर्जी असेलच असं नाही. विशेषतः कॉलेजच्या पोरांत घसा, ताप आणि मानेच्या गाठी हे ईबीव्ही नावाच्या व्हायरसनं झालेलं असतं आणि त्यात यातली कुठलीही एक दिली की बऱ्याच जणांच्या अंगभर पुरळ उठतं. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असणाऱ्यांनाही ॲम्पिसिलिननं पुरळ जास्त येतं. असं काही झालं तर कागदावर लिहून घ्या, कुठलं औषध, कितव्या दिवशी, पुरळ कसं होतं, मोबाइलवर फोटो. कारण "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासल्यावर ती नसते, आणि नुसत्या त्या शिक्क्यामुळं जन्मभर महागडी आणि जास्त त्रासाची औषधं घ्यावी लागतात. शिक्का काढायचा की नाही ते मात्र डॉक्टरनी तपासून ठरवायचं, घरी "बघूया एक घेऊन" करून नाही.

रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आधी सांगा. मेथोट्रेक्सेट शरीरात साठून राहू शकतं आणि वॉरफरिनवाल्यांची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) वर जाऊ शकते. गरोदर बायकांना आणि बाळाला पाजणाऱ्यांना दोन्ही औषधं अनेक वर्षांपासून दिली जातात, तरी चिठ्ठी त्यांच्या डॉक्टरचीच हवी.

किती दिवस? डॉक्टरनी लिहिलेत तेवढे. स्ट्रेपच्या घशाला १० दिवस देतात ते घशासाठी कमी आणि पुढं हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप येऊ नये म्हणून जास्त, त्यामुळं तिसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला तरी पट्टी संपवायची. काही आजारांत हल्ली तीन किंवा पाच दिवसच देतात, तेही बरोबरच आहे. दोन्हीकडं आकडा आपण बदलायचा नाही, आणि दोनतीन दिवसांत काहीच फरक नसेल तर परत दाखवायचं.

जाता जाता म्हशीचं

हे सांगितल्याशिवाय आपल्या भागातला लेख पुरा व्हायचा नाही. म्हशीला दगडी झाली, कास सुजली की जनावरांचे डॉक्टर बऱ्याचदा ॲम्पिसिलिन-क्लॉक्सासिलिनचंच इंजेक्शन देतात. मग कुणीतरी काउंटरवर येतं, "आमच्या म्हशीला कॅप्सूल द्या की, भाकरीतनं चारतो." नाही चालत. तिच्या पोटात चारा कुजवणारे जंतू असतात, तोंडातून अँटिबायोटिक घातलं की ते मरतात आणि म्हैस चारा सोडते. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस चारही सडांचं दूध डेअरीला घालायचं नाही. आजारी सड सोडून बाकीचं घातलं असं करू नका, इंजेक्शनचं औषध रक्तातून चारहीकडं उतरतं. त्या दुधाचं दही लावून बघा, विरजण नीट धरत नाही, कारण विरजणातले जंतूही भिंतीवालेच आहेत आणि पेनिसिलिन त्यांनाही सोडत नाही. घरात कुणाला पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर ते दूध चहालाही नको, उकळल्यानं औषध पूर्ण जात नाही.